डाव्या पाकळीची पोथी

१९ जुलै १९५७, शुक्रवार

आज टपालाने मुंबईहून पुस्तक आलं. ह्यांनी मेणकापडात गुंडाळून पाठवलं होतं, तरी एक कोपरा भिजलाच. थोरल्या भाऊजींची कादंबरी. मुंबईच्या कुठल्याशा साहित्यसंस्थेने तिला यंदाचं पहिलं बक्षीस दिलं म्हणे. आमच्या घरातल्या माणसाचं नाव छापील अक्षरात बघून मला उगाचच लाजल्यासारखं झालं.

वाचनालयाच्या कपाटातल्या सगळ्या कादंबऱ्या मी वाचल्यात, काही दोनदोनदा. वाचनालय सांभाळणारे भाई मास्तर थट्टा करतात की आता आनंदीपुरत्या नव्या कादंबऱ्या लिहून घ्यायला हव्यात. पण त्या कादंबऱ्यांतल्या बायका पेटी वाजवतात, बंगल्याच्या गच्चीवर उभ्या राहतात, नारळ खवत मात्र कुणी बसत नाही. आमच्याकडचं माणूस आलंच तर गडी म्हणून येतं आणि ‘व्हय जी’ म्हणतं. आम्ही मेलं कधी ‘व्हय जी’ म्हणतो? म्हणून ही कादंबरी कधी एकदा हातात घेते असं झालंय.

अक्कांनी, म्हणजे सासूबाईंनी, पुस्तक पदराने पुसलं. त्यांना अक्षरओळख नाही. पानांवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाल्या, “नाव काय गो ह्येचा?”

“डावी पाकळी,” मी म्हटलं.

“डावी?”

“होय.”

त्यांनी पुस्तक मिटून पुन्हा एकदा पदराने पुसलं. मग म्हणाल्या, “बरा. देवाकडे ठेव.” त्यामुळे पुस्तक देवघरात आणि मी बाहेर. वाचणार कधी?

२४ जुलै

श्रावणात पोथी कोणती लावायची, म्हणून विचारलं. अक्का म्हणतात, गुरुदासाची! म्हणजे भाऊजींचं पुस्तक.

“अक्कानू, ती पोथी न्हय. कादंबरी आसा.”

“लिवलेला आसा मां? वाचून दाखवूक येता मां? मगे पोथी.”

मी हसू दाबलं. पण त्यांचा चेहरा बघून थांबले. भाऊजी घरी येतात ते असे की जणू धर्मशाळेत उतरलेत. मामंजी गेले तेव्हा आले, आमच्या लग्नाला आले. जेवतात, अंथरूण घडी करून ठेवतात, आणि आईशी बोलणं काय तर ‘होय’ आणि ‘नको’. लहानपणीच शिकायला मामाकडे गेले ते तुटलेच. कारण मला कुणी सांगितलं नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, यशोदाताई गेली तेव्हापासून. यशोदाताई म्हणजे माझी नणंद, क्षयाने गेली. तिला मी पाहिलेलं नाही.

तर पाट मांडायचा, समई लावायची, रोज दुपारी एक अध्याय. खंड पडता कामा नये, अर्धी टाकायची नाही, आणि ऐकताना पोथीला उलट बोलायचं नाही. शेजारच्या नर्मदाकाकी आणि वाडीतल्या बायकांना आमंत्रणं गेलीसुद्धा.

२८ जुलै, रविवार. श्रावण शुद्ध प्रतिपदा

पोथी लागली. मी पाटासमोर बसले, पहिल्या पानाला हळद-कुंकू लावलं आणि वाचायला घेतलं. काय सुंदर लिहिलंय भाऊजींनी! गलबतावरचे तांडेल वडील, खाडीत शिंपल्या शोधणारी दोन भावंडं, आणि ताई भावाला पाठुंगळी घेऊन चिखल तुडवते. भरतीचं पाणी चढतं तेव्हा बायका पुढे सरकून बसल्या. नर्मदाकाकी म्हणाल्या, “गे बाय, ह्यो तर आमचोच धक्को!” सगळ्या हसल्या.

अक्का हातात अक्षता धरून बसल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, “व्हय. ती तशीच घेय तेका पाठीर.”

त्या क्षणी वाटलं, ही पोथी लावली हे फार चांगलं झालं. भाऊजी चतुर्थीला आले तर आईच्या पाया पडतील.

२ ऑगस्ट

काल पोथीनंतर एकटीनेच पुढची पानं वाचून काढली.

ताईला खोकल्यातून रक्त पडतं. मिरजेच्या इस्पितळात न्यायचं ठरतं. आई देवळात जाऊन कौल लावते. गुरव देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर जा, डावी पडली तर नको. आणि मग भाऊजींनी लिहिलंय: ‘पाकळी डावी पडली. आईने बांधलेलं गाठोडं सोडलं आणि ताईचं अंथरूण मागल्या पडवीत घातलं. त्या दिवसापासून मला आई नाही.’

पुढे तर वाचवत नाही. आई ताईला वाटीने पाणी देते ती दुरून. आई रडत नाही. आई दुसऱ्याच दिवशी भात लावायला जाते. एकेक वाक्य सुरीसारखं लावून लिहिलंय. मी वाचता वाचता रडले, आणि मग माझाच राग आला, कारण रडले ते कादंबरीतल्या ताईसाठी. आणि पलीकडे माजघरात ती आई खरोखरची बसून तांदूळ निवडत होती.

हे मी अक्कांच्या तोंडावर वाचू? चार बायकांत? खंड पाडायचा नाही, अर्धी टाकायची नाही. बरी अडकले.

भाई मास्तरांना नाव न घेता विचारलं, लेखकाने घरचं असं चव्हाट्यावर मांडावं का? ते म्हणाले, “घरचंच मांडावं, आनंदी. दुसऱ्याच्या घरात शिरला तर मार खाईल.” त्यांना बोलायला काय जातं.

५ ऑगस्ट

मी मार्ग काढला. पुस्तक समोर धरते, पानं उलटते, आणि बोलते माझं. सकाळी भाकऱ्या थापताना मनात जुळवून ठेवते. माझ्या गोष्टीतली आई ताईच्या उशाशी रात्र-रात्र बसते. माझी आई तिचे केस विंचरते. मिरजेला जायचं ठरतं, पण ताई आधीच फार थकलेली असते. कौलाचं नावच नाही.

खोटं कशाला लिहू, मला मजाही येते आहे. कालच्या अध्यायाला नर्मदाकाकींनी डोळे पुसले. ते वाक्य माझं होतं! बक्षीस मिळालेल्या लेखकापेक्षा माझी आई बरी उतरली, असं क्षणभर मनात येऊन गेलं. सातवीची फायनल पास होऊन चूल फुंकत बसलेल्या बाईने असं म्हणू नये, पण आलं.

फक्त अक्का आज मध्येच म्हणाल्या, “ह्या गुरुदासान लिवल्यान?”

“होय तर.”

“तो असो खंय बोलता? बरा, वाच फुडे.”

मला वाटतं, त्यांना भाऊजींचं इतकं गोड लिहिणं खरं वाटत नसेल. आईचा जीव तो.

१० ऑगस्ट. नारळी पौर्णिमा

ह्यांचं पत्र. भाऊजी यंदा चतुर्थीला येणार. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपण होऊन. त्यांनी ह्यांना विचारलं, ‘आईने कादंबरी ऐकली का?’ ह्यांनी सांगितलं, ऐकते आहे, पोथीसारखी. तर म्हणे भाऊजी तेव्हा निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, मी पण येतो गावाला.

अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, “तेका तिरफळा घातलेली आमटी आवाडता.” आणि तिरफळं कुठे मिळतील ते विचारत बसल्या.

माझी मात्र पंचाईत. ते विचारतील आणि अक्का माझ्या गोष्टीतली आई सांगतील, त्यांच्या कादंबरीतली नाही. समाप्ती होऊन एकदा पुस्तक देवघरात जाऊ दे, मग बघू.

१३ ऑगस्ट, मंगळवार

आज दुपारी पोथी वाचून उठले आणि माझी अडचण आली. मागल्या पडवीत बसले आहे. कशाला शिवायचं नाही, ओटीवर जायचं नाही. लिहायला मनाई नाही, कारण मी लिहिते हे कुणाला ठाऊकच नाही.

मला वाटलं होतं चार दिवस पोथी झाकून ठेवतील. गेल्या श्रावणात असंच झालं होतं, तेव्हा अक्कांनी खुशाल झाकून ठेवली होती. यंदा मात्र म्हणतात खंड नको. नर्मदाकाकींना पाठवून भाई मास्तरांना बोलावून घेतलं.

मी इथून ओरडले, “अक्कानू, मास्तरांका कित्याक तरास? मी न्हाल्यार वाचीन.”

“तू बस थयसर गप.”

मास्तर तर आनंदाने तयार. त्यांनी अजून ही कादंबरी पाहिलेलीही नाही. अक्कांनी त्यांना सांगितलेलं मी ऐकलं, “मास्तरांनू, कौलाच्या हयसून वाचा.” मी तर कौलाचं अक्षर वाचलं नव्हतं! मग कौल आहे हे त्यांना कुठून कळलं? पुस्तकाच्या नावावरून अंदाज केला असेल.

देवा, उद्या काही होऊन मास्तरांचा घसा बसू दे.

१४ ऑगस्ट

घसा बसला नाही. मास्तरांचा आवाज शाळेतला, खणखणीत. भिंतीपलीकडून अक्षर न् अक्षर ऐकू आलं. पाकळी डावी पडली. आईने बांधलेलं गाठोडं सोडलं. मी कान झाकले, पुन्हा उघडले. आत शिरून पुस्तक हिसकावून घ्यावं, तर शिवाशिव. पाय उंबऱ्यापर्यंत गेले आणि थांबले. ह्याची मला स्वतःचीच चीड आली. बाई मरत असती तरी मी अशीच उभी राहिले असते का?

आणि तेवढ्यात महादू गुरवाचा आवाज आला. तो प्रसाद द्यायला आला होता आणि ऐकत थांबला होता.

“खोटा! साफ खोटा! कौल त्या दिवशी...”

“महादू!” अक्का ओरडल्या. “पोथी चालली हा. गप बस.”

“अगो पण वयनी, माझ्या बापाशीन...”

“तुका देवाची शपत आसा. गप.”

मास्तरांना वाटलं, देवाच्या कौलावर लिहिलं म्हणून गुरवाला राग आला. त्यांनी चष्मा पुसला असावा, मग पुढे वाचलं. ‘त्या दिवसापासून मला आई नाही’ हे वाक्यही वाचलं. बायका उठल्या तेव्हा नेहमीसारखी कुजबूज नव्हती. नर्मदाकाकी ‘येतंय’ न म्हणता गेल्या. अक्का एवढंच म्हणाल्या, “मास्तरांनू, उद्या झेंडो झालो की येयात मां?”

१५ ऑगस्ट

शाळेतून पोरांची गाणी ऐकू येत होती. दुपारी मास्तर आले, बायका आल्या त्या मोजक्याच. नर्मदाकाकी नाही. आजचा अध्याय ताईच्या मरणाचा. इतका चांगला लिहिलाय की मला भाऊजींचा द्वेष करता येईना.

सगळे गेल्यावर अक्का माझं ताट घेऊन आल्या. लांबून सरकवलं आणि पायरीवर बसल्या. मी म्हटलं, “अक्कानू, माका माफ करा. मी तुमका खोटा वाचून दाखवलंय.”

“म्हायत आसा. तुझा ग्वाड होता. पण माका त्याचा आयकाचा होता.”

मग त्यांनी सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते आहे.

“कौल उजवो पडलो होतो. महादूच्या बापाशीन लावल्यान, महादू बाजूक उभो होतो. मोटर सांगलेली, गाठोडा बांधलेला. सकाळी उठान बघतंय तर गुरुदास तापान फणफणता. मुदतीचो ताप. तुझो मामंजी गलबतार, मंगळुराक. तुझो न्हवरो हरिश्चंद्र ल्हान. वैदान सांगल्यान, ह्येका सोडून हललंस तर पोर हाताक लागाचा नाय. यशोदा म्हणाली, आये, तेच्याकडे बस, मी थांबतंय. मी मोटर परत धाडलंय. म्हटलंय, ताप उतारलो की जावया. ताप उतारलो तवसर पावस लागलो, घाट बंद झालो. श्रावणात ती गेली.”

मी विचारलं, “मगे कौल डावो कित्याक सांगलात?”

“बरो झालो आणि पयला ताच विचारल्यान. ताईक कित्याक नेलंस नाय? काय सांगू? तुझ्यापायी? तेरा वर्साचा पोर ता. देवार घातलंय. देवाक काय, तो सोसता. पोराक सोसला नसता.”

पडवीत पागोळ्यांचं पाणी गळत होतं. मी ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, “आता तो मोठो झालो. आता सांगूक व्हया. सगळ्या जगान वाचल्यान ता!”

“वाचूं दे. जग माका खंय वळाकता? आनंदी, तू तेका सांगशीत तर तुका यशोदाची आण आसा.”

म्हणजे मी आता गप्प. आणि बसले आहे ती हीच मागली पडवी.

१७ ऑगस्ट

न्हाऊन पुन्हा पाटासमोर बसले. अक्का म्हणाल्या, “आता आसा तसा वाच. अक्षर गाळू नको.”

मी कळवळून म्हटलं, “कित्याक तरास करून घेतात?”

“वीस वर्सा तो माझ्याशी बोलूक नाय गो. आता बोलता हा. बोलांदे.”

मग वाचलं. एकही शब्द गाळला नाही. ऐकायला आम्ही दोघी आणि आमंत्रण नसताना आलेला महादू.

२३ ऑगस्ट

समाप्ती झाली. शिरा केला, नारळ फोडला. अक्कांनी पुस्तकाला हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि डोकं टेकलं. शेवटच्या पानावर त्या आईला लेखकाने जी दूषणं दिली आहेत त्यांच्यावरच टेकलं. मला बघवेना, मी समई सारखी करायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

विहिरीवर आता बोलणं थांबतं, आम्ही गेलो की. नर्मदाकाकींनी परवा त्यांच्या सुनेला म्हटलेलं माझ्या कानावर आलं. ते इथे लिहीत नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

भाऊजी आले, ह्यांच्याबरोबर, एस.टी.ने. घाटात दरड होती म्हणून उशीर. केस पांढरे व्हायला लागलेत. अक्कांनी पायावर पाणी घातलं. दोघंही एकमेकांकडे बघायला घाबरल्यासारखी. जेवताना आमटीचा वास आला तेव्हा भाऊजींचा हात क्षणभर थांबला. मग म्हणाले, “बरी झाली आसा.” आईशी बोललेलं एवढं मोठं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

ह्यांना काही सांगितलेलं नाही. आण त्यांनाही लागू आहे असं मी धरते.

३० ऑगस्ट

दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो. परतल्यावर भाऊजी आईजवळ ओटीवर बसले. मी आत दिवे लावत होते. त्यांनी विचारलं, अगदी हळू, “आये, पुस्तक आयकलंस?”

“आयकलंय तर! समाप्ती केलंय.”

“मगे? काय वाटला तुका?”

मी काडी पेटवायची थांबले.

अक्का म्हणाल्या, “मोठा आसा रे. इतक्या लिवान हात दुखूक नाय तुझो?”

भाऊजी थोडे पुढे सरकले.

“त्यातली ती आये,” भाऊजी म्हणाले, “ती तुका कशी वाटली?”

“माका अडाण्याक कादंबरीतला काय समाजता? मास्तर वाचीत, मी हात जोडीत. पोथी ती पोथी.”

भाऊजी उठून अंगणात गेले. पाऊस पडत होता तरी तिथेच उभे राहिले.

३१ ऑगस्ट, शनिवार

हे आणखी चार दिवस राहणार आहेत, पण भाऊजी आज निघाले. हे गाडीची जागा धरायला पुढे गेले. भाऊजींची पिशवी घेऊन मी कुंपणाच्या गडग्यापर्यंत पोचवायला गेले. तिथे ते थांबले. डोळे तांबारलेले.

“आनंदी, मला वाटलं होतं ती भांडेल. शिव्या देईल. मला उंबऱ्याबाहेर काढील. त्याच्यासाठीच आलो होतो मी. मग मीही बोललो असतो, वीस वर्षांचं.” त्यांनी छत्री उघडली, मिटली. “लोक म्हणतात, मोठी कादंबरी लिहिली. ज्या एका बाईसाठी लिहिली, तिला त्यातलं काहीसुद्धा कळलं नाही. हात दुखला नाही ना, विचारते!”

आण म्हणजे काय, हे मला आज कळलं. शब्द दातांपर्यंत आले होते. मी म्हटलं, “पुढच्या चतुर्थीला या, भाऊजी.” ते म्हणाले, “बघू.” पण आता ते येणार नाहीत. त्या तोंडावर सगळं दिसत होतं.

घरी आले. अक्का दारातच होत्या.

“काय म्हणालो?”

मला राग आला होता, त्यांचा की भाऊजींचा, कोण जाणे. मी सरळ सांगून टाकलं, “म्हणाले, आयेक कायच कळूक नाय.”

“असा म्हणालो?”

“होय.”

“बरा झाला,” त्या म्हणाल्या. “बरा झाला गो. आता तो कायएक इचारूचो नाय, निवांत ऱ्हवतलो.” त्या आत जायला वळल्या, दोन पावलं गेल्या आणि भिंतीला हात लावून खालीच बसल्या. मी धावले. ह्या घरात आल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मामंजी गेले तेव्हाही नाही. आज त्या पोरीसारख्या मोठ्याने रडल्या, आणि रडता रडता म्हणाल्या, “पण येकदा तरी तेका कळाक व्हया होता गो. येकदा तरी.”

मी म्हटलं, “मी जातंय, अक्कानू. गाडी आजून नाक्यार आसतली. धावत जातंय, सांगतंय.”

खरंच उठले होते मी. त्यांनी माझा पदर धरला. नाक्यावर एस.टी.चा भोंगा वाजला, मग गाडी चढणीला लागल्याचा आवाज आला. तो आवाज पार नाहीसा होईपर्यंत त्यांनी पदर सोडला नाही.